नो क्लेम आबा

आबांच्या जुन्या गाडीला ओरखडा नाही असं कुणी म्हणालं, तर तो माणूस गल्लीत नवा आहे असं खुशाल समजावं. डाव्या दारावर म्हशीच्या शिंगाची लांब रेघ होती. बॉनेटवर नारळाचा खळगा होता. मागच्या बंपरात एका रिक्षावाल्यानं आपलं पुढचं चाक ठेवलं होतं, आणि तो रिक्षावाला आजही आबा दिसले की ओळखीचा हात करतो. गाडी अशी चारी बाजूंनी वाचता यायची. पॉलिसी मात्र कोरी. आयुष्यात काय कमावलं असं विचारलं, तर मुलगा, घर, पेन्शन असल्या किरकोळ बाबी वगळून आबा सांगतात, "पन्नास टक्के एनसीबी."

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर विमा कंपनीकडं काही मागितलं नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. तिथं गाडं थांबतं. हे थांबणं आबांना अजून पचलेलं नाही. "मी पुढंही क्लेम केला न्हाई की. मग टक्के का वाढत न्हाईत?" असं पत्र त्यांनी एकदा कंपनीला लिहिलं होतं. उत्तरात कंपनीनं त्यांचे आभार मानले आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख कळवली.

आबा सहकारी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झाले, हे इथं सांगायला हवं. ज्यानं उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या दारात उभं राहून "कधी भरताय?" एवढंच विचारलं, त्याच्या मनात जगाची विभागणी पक्की झालेली असते. क्लेम करणारा आणि कर्ज थकवणारा हे त्यांच्या वहीत एकाच पानावर. पुतणीला पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगल्या पगारावर, स्वतःची गाडी. सगळ्यांनी पगार विचारला, आबांनी विचारलं, "एनसीबी किती?" मुलगा गोंधळून म्हणाला, "झीरो आहे बहुतेक. दोनदा क्लेम झाला." आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "लग्नाआधीच?"

कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाला पुराचा हिशेब शिकवावा लागत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर फुटा-इंचांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ला आबा गाडी राजारामपुरीत साडूकडं हलवतात. ४३ ला काकूंना.

२०१९ च्या पुरात हा क्रम त्यांना लाभला. समोरच्या डॉक्टरांनी पाणी ओसरल्यावर घाईनं गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिननं एकच हुंदका देऊन राम म्हटला. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणाली, पाणी पुरानं आलं हे कबूल, पण किल्ली तुम्ही फिरवली; इंजिन प्रोटेक्ट घेतलं होतं का? डॉक्टरांनी तो इंजिनाचा जादा विमा घेतला नव्हता. आबा सांत्वनाला गेले आणि अर्धा तास बसले. जाता जाता म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. क्लेम नामंजूर म्हणजे एनसीबी गेली नसणार. विचारून घ्या."

अशा माणसानं इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. डिझेल गाडीला पंधरा वर्षं होत आली होती आणि पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं हट्ट धरला होता. आबांनी त्याला अट घातली की, गाडी तू पसंत कर, विमा मी पसंत करणार.

मग आमच्या गल्लीतल्या एजंटाची पाळी आली. हा एजंट सज्जन आहे, आणि त्याच्या धंद्यात हा गुण महागात पडतो. त्यानं आबांना थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याच्या सक्तीच्या विम्याचा, दरपत्रकाचा कागद दिला. हे दर कंपन्या ठरवत नाहीत, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सूट आहे, हे ऐकून आबा खुर्चीत पुढं सरकले. सूट हा शब्द ऐकला की ते नेहमीच पुढं सरकतात. मुलानं पसंत केली होती नेक्सॉन. आबांनी पेट्रोलच्या नेक्सॉनसमोर बोट ठेवलं. इंजिन ११९९ सीसी, वर्षाला ३,४१६ रुपये. मग इलेक्ट्रिकसमोर ठेवलं. ६,७१२.

"सूट कुठाय?"

"दिलीय की आबा. ७,८९७ चे ६,७१२ केले."

"पण पेट्रोलला ३,४१६ च हाईत!"

"पेट्रोलला सीसी बघतात, इलेक्ट्रिकला किलोवॅट. पासष्टच्या वर गेलं की वरचा स्लॅब. ही ९५ किलोवॅटची हाय."

"आणि सूट?"

"वरच्या स्लॅबवर."

आबा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधी माणसाला तिसऱ्या मजल्यावर चढवायचं आणि मग जिना उतरायला पंधरा टक्के सवलत द्यायची."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. विजेच्या मोटरीचे किलोवॅट आणि पेट्रोल इंजिनाचे सीसी हे दोन वेगळे गज आहेत. एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन गाड्या दोन गजांनी मोजल्या की एक मधल्या पायरीवर बसते आणि एक वरच्या. त्यात नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो, म्हणजे १०,६४० च्या जागी २०,९०७. बरं, माझी पन्नास टक्के इथं लावा, असं आबांनी सुचवलं. एजंटानं घाबरत सांगितलं की एनसीबी थर्ड पार्टीला लागत नाही. काकू म्हणतात, त्या रात्री ते जेवले नाहीत. मी विचारलं तर आबा म्हणाले, एकादशी होती.

शेवटी ५५ किलोवॅटची छोटी गाडी ठरली. तिचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी ९,०४४. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा १,५९६ रुपयांनी कमी. आबांनी गल्लीत पेढे वाटले, आणि पेढे गाडीचे नसून १,५९६ चे आहेत हे प्रत्येक घरात स्पष्ट केलं. कागदाच्या दुसऱ्या पानावर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम होता. इलेक्ट्रिक गाडीची किंमत जास्त, म्हणून विमा कंपनीनं धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, जास्त, म्हणून हा प्रीमियमही जास्त. वर १८ टक्के जीएसटी. एजंटानं ते पान पेढे संपेपर्यंत उलटलं नाही.

जुनी गाडी विकताना आबांना एक गोष्ट नव्यानं कळली आणि त्यांना आठवडाभर पुरली. एनसीबी गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी बोनस विकणाऱ्याकडंच राहतो, आणि कंपनी तसं पत्र देते. ते दाखवलं की नव्या गाडीला पहिल्याच दिवसापासून ५० टक्के लागू. आबांनी पत्र लॅमिनेट केलं. गाडी घेणारा होता कागलचा एक तरुण. त्याला त्यांनी दारात उभं करून सांगितलं, "गाडी तुझी. टायर तुझे, स्टेपनी तुझी, टेपसुद्धा तुझा. पण पन्नास टक्के माझे." तरुण म्हणाला, "घ्या की." त्या 'घ्या की'मधला हलकेपणा आबांना फार लागला.

नवी गाडी दारात आली आणि आबांनी धोक्याचा अभ्यास सुरू केला. विमा पॉलिसीतली संकटांची यादी त्यांना तोंडपाठ आहेच: आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, दरड. संध्याकाळी दिवा लावल्यावर ते ती पुटपुटतात असं गल्लीतली पोरं सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण अशक्यही वाटत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्याची कात्रणं त्यांनी जपून ठेवली होती. त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्यानं कडक झाले, याचं कात्रण मीच त्यांना दिलं. त्यांनी ते दुसऱ्या फाइलला लावलं.

मुलानं पुण्याहून स्वित्झर्लंडची एक बातमी पाठवली. तिथल्या आक्सा या विमा कंपनीनं आपल्याकडचे क्लेम तपासून सांगितलं होतं की इलेक्ट्रिक गाडीवाले स्वतःच्या गाडीचं नुकसान पेट्रोल-डिझेलवाल्यांपेक्षा ५० टक्के जास्त वेळा करून घेतात. कारण सोपं आहे. इंजिनाला जोर यायला क्षणभर लागतो, मोटरीला लागत नाही. पायाला जुनी सवय असते आणि गाडी सवयीच्या आधी निघून गेलेली असते. पन्नास टक्के हा आकडा चुकीच्या बाजूला वापरलेला बघून आबांना वाईट वाटलं. पण बातमीचा उत्तरार्ध त्यांना फार आवडला. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कंपनीनं लोकांसमोर एका इलेक्ट्रिक गाडीचा अपघात करून दाखवला. गाडी उलटली आणि पेटली. नंतर कबूल करावं लागलं की बॅटरीचे सेल आधीच काढून ठेवले होते आणि आग दारूकामाची होती.

आबांनी चष्मा काढला. "म्हणजे विमा कंपनीनंच खोटा क्लेम केला!"

पुढचा आठवडा ते भेटेल त्याला हे सांगत होते. वसुली खात्यात असताना थकबाकीदाराच्या घरी सोफा नवा दिसला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा म्हणे.

दुसरी बातमी मात्र त्यांनी मनावर घेतली. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. जेवढे मैल गाड्या धावल्या त्या हिशेबात, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची पायी चालणाऱ्याला धडक बसण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या दुप्पट होतं, आणि फरक शहरांत जास्त दिसला. गाडी कमी वेगात आवाजच करत नाही, हे त्याचं एक कारण असावं. युरोपात म्हणून जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना ताशी वीस किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करायला लावतात. शाहूपुरीत आबांचा वेग वीसच्या वर क्वचित जातो. म्हणजे आवाज कायमचा हवा. त्यांनी हॉर्नचा विचार केला, पण हॉर्न वाजवणं त्यांना उसनवारी मागण्याइतकं अवघड जातं. शेवटी जोतिबाच्या यात्रेहून त्यांनी बैलाची घुंगरमाळ आणली आणि पुढच्या बंपरखाली बांधली.

छुम छुम छुम करत इलेक्ट्रिक गाडी गल्लीतून निघाली की आता म्हाताऱ्या बाजूला होतात, पोरं मागं धावतात आणि एक गाय नियमानं वळून बघते. पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. आबांचं समाधान मात्र अर्धंच झालं होतं. गाडीला वरून काही जोडलं तर ते कंपनीला कळवून विम्यात धरायला लागतं, हे त्यांनी नियमात वाचलं होतं. त्यांनी एजंटाला फोन लावला.

"घुंगरमाळ विजेवर चालणाऱ्या ॲक्सेसरीत येते का विजेवर न चालणाऱ्या?"

एजंटानं फोन बायकोकडं दिला.

पावसाळ्याआधी आबा शोरूममध्ये गेले होते. तिथल्या पोरानं अभिमानानं सांगितलं की बॅटरीला आयपी ६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी शिरत नाही. आबांनी त्याच्याकडं करुणेनं पाहिलं. "बाळा, कुठला तू?" पोरगा सोलापूरचा निघाला. "मग तुझा दोष न्हाई. पंचगंगा अर्ध्या तासासाठी येत न्हाई." बॅटरीचा वेगळा विमा, बॅटरी प्रोटेक्ट, त्यांनी लगेच घेतला. ३९ फुटांचा नियमही तसाच ठेवला.

आणि मग तालमीच्या पोरांनी गणपतीच्या तोंडावर गल्लीत स्पीडब्रेकर बांधला.

हा स्पीडब्रेकर नकाशात नाही आणि महापालिकेच्या कागदावर नाही. त्याची उंची बांधणाऱ्याच्या उत्साहावर ठरलेली आहे. जुनी डिझेल गाडी अशा ठिकाणी दम खायची, म्हणून आबांच्या उजव्या पायाला तिथं जरा दाबायची सवय. डावा पाय बिचारा क्लच शोधत मोकळा. आबांनी सवयीनं दाबलं. गाडीनं आज्ञा तात्काळ पाळली. पुढची चाकं ब्रेकरवरून उडाली, घुंगरं एकदम वाजली, आणि पोटाखालून 'खर्रर्र' असा आवाज आला. तो ऐकून तालमीच्या कट्ट्यावर बसलेली पोरं उभी राहिली.

इलेक्ट्रिक गाडीचं सगळं धन पोटाखाली असतं. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढली, पोरांनी टॉर्च मारला, बॅटरीच्या पेटीला पोचा निघाला. पेटी उघडून ठोकता येत नाही, सीलचा भरवसा राहत नाही, अख्खी बदलायची. साडेचार लाखांचं एस्टिमेट. उद्यमनगरातला आबांचा जुना डेंटर बघायला आला होता. आयुष्यभर त्यानं आबांचे पोचे हातोडीनं काढून दिले. तोही खाली वाकून बघून म्हणाला, "आबा, हे माझ्या हातातलं न्हाई." आबा एकदम म्हातारे दिसले. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढं गेली की गाडी टोटल लॉस धरतात. साडेचार लाख तिथवर पोचत नव्हते, एवढाच दिलासा.

"क्लेम टाकूया," एजंट म्हणाला.

आबा गप्प.

एजंटानं पाठकोऱ्या कागदावर मांडलं. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम पंधरा हजार धरला. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो, आणि पुन्हा शून्य, २०, २५, ३५, ४५ असा चढत पन्नासला जातो. म्हणजे पाच वर्षांत तोटा पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा आणि पाच टक्के. बेरीज १२५ टक्के. पंधरा हजारांचे १८,७५०. हा हिशेब मला फार उपयोगी वाटतो, कारण लहानसहान खरचटीवर क्लेम करून बोनस घालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्यांपेक्षा आबा शहाणे होते. साडेचार लाखांपर्यंत.

"बघा आबा. साडेचार लाख, का अठरा हजार साडेसातशे?"

आबांनी कागद जवळ ओढला आणि दुरुस्ती केली. "जीएसटी धरला न्हाईस. बावीस हजार एकशे पंचवीस." आणि मग म्हणाले, "रात्रभर विचार करतो."

काकू आतून म्हणाल्या, "काय विचार करायचाय त्यात?" हा प्रश्न त्यांनी लग्न झाल्यापासून अनेकदा विचारला असणार, पण इतक्या मोठ्यानं नाही.

सकाळी एजंट आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. पॉलिसीत त्यानं न सांगता एनसीबी प्रोटेक्ट टाकून ठेवलं होतं. क्लेम झाला तरी आबांचा बोनस जागच्या जागी राहणार होता. बॅटरी कंपनी देणार आणि पन्नास टक्केही आबांचेच. गल्ली आनंदली. तालमीच्या पोरांनी ब्रेकरची उंची दोन इंच कमी करायचं आश्वासन दिलं.

आबांनी मात्र विचारलं, "म्हणजे क्लेम करूनही नो क्लेम बोनस?"

"व्हय आबा."

"मग तो नो क्लेम कसा?"

एजंटाकडं उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. मला वाटतं त्या क्षणी आबांना बॅटरी गेल्यापेक्षा जास्त लागलं. ज्या पदकासाठी म्हशीचं शिंग सोसलं, नारळ सोसला, रिक्षावाल्याचा रोजचा हात सोसला, ते वर्षाला थोडे रुपये जास्त भरले की कुणालाही मिळतं, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं. पुण्याच्या त्या स्थळालाही मिळालं असतं.

क्लेम झाला. काकूंनी सही करून घेतली. नवी बॅटरी बसली, घुंगरं पुन्हा वाजू लागली. वर्षानं नूतनीकरणाचा कागद आला आणि त्यावर एनसीबी ५० टक्के. आबा तो घेऊन विमा कंपनीच्या शाखेत गेले. हा बोनस मला लागू होत नाही, तो शून्य करून मिळावा, असा लेखी अर्ज दिला. टेबलामागच्या मुलीनं अर्ज तीनदा वाचला. संगणकात बोनस वाढवून मागणाऱ्यांसाठी रकाना होता, काढून मागणाऱ्यांसाठी नव्हता. तिनं तो 'तक्रार' म्हणून चढवला. काही दिवसांनी आबांच्या मोबाइलवर संदेश आला: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, एनसीबी ५० टक्के कायम.

आबा आता पुण्याला विमा लोकपालांकडं जाणार आहेत. आधी कंपनीकडं तक्रार करायची आणि तीस दिवस वाट बघायची हा नियम त्यांनी पाळला, कालनिर्णयवर रोज एक फुली मारून. लोकपालांकडं लोक क्लेम मिळाला नाही म्हणून जातात. आबांचा कागद ते कुठल्या फाइलला लावणार, मला बघायचं आहे. गाडी चार्ज करून ठेवू का, असं मी विचारलं.

"खंबाटकीत घुंगरं बांधून जाऊ व्हय?" आबा म्हणाले. "एसटीनं जातो. अर्धं तिकीट. आणि त्यात एक रुपया अपघात निधीचा असतोय. एका रुपयात दहा लाखांपर्यंत. वर एनसीबीची भानगडच न्हाई."